गुलाबी मनोऱ्यातला दहावा

मी बोलतोय. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण या गोष्टीत सगळा घोळ न बोलण्यावरून झाला. एका आईची झोप उडाली होती ती याच एका काळजीने, की आपली साडेतीन वर्षांची मुलगी शाळेत तोंडच उघडत नाही. सात आठवडे झाले होते. हूं नाही की चूं नाही. आणि ज्याला मुळात तोंडच नाही असा मी, लाकडाचा एक तुकडा, तुमच्याशी गप्पा मारायला बसलोय.

मी घन आहे. लांबी, रुंदी, उंची, सगळं एकेक सेंटिमीटर. मॉन्टेसरी बालघरात गुलाबी मनोरा असतो, दहा लाकडी घनांचा, सगळ्यात मोठा तळाला आणि सगळ्यात लहान टोकाला. त्या टोकावरचा मी. घरातलं शेंडेफळ म्हणा. आमचे थोरले दादा दहा सेंटिमीटरचे, त्यांना उचलायला मुलांना दोन्ही हात लागतात. मला दोन बोटं पुरतात, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्या भानगडी तिथूनच सुरू झाल्या.

पहिली भानगड जन्माच्या दिवशीच झाली. ज्या सुताराने आम्हाला घडवलं त्याने नऊ भावंडं सरळ उरकली. माझी पाळी आली तेव्हा चिमटीत धरून तो माझ्या कडा घासायला लागला आणि मी निसटून भुशात पडलो. त्याने भुशाचा ढीग चाळायला घेतला. त्याची बायको जेवायला बोलवायला आली होती, ती म्हणाली, “दुसरा करा की. एवढ्याशा तुकड्यासाठी काय जीव काढताय?”

“दुसरा केला की पहिला लगेच सापडतो,” सुतार म्हणाला. “मग होतात अकरा. अकराव्याला कुठे बसवू, तुझ्या डोक्यावर?”

मी सापडलो. मला दोन हात गुलाबी रंग लागला, आणि आम्ही दहाही जण एका खोक्यात बसून बालघरात आलो.

बालघर म्हणजे एक लांबट खोली. कपाटं मुलांच्या छातीइतकी, हात धुवायचं भांडं गुडघ्याइतक्या उंचीवर, आणि पाण्याचे जग खऱ्या काचेचे. नवीन आलेल्या प्रत्येक आईचा जीव त्या काचेपाशी अडकतो. एखादा जग फुटतोही. मग ताई, म्हणजे तिथल्या शिक्षिका, केरसुणी आणि सुपली आणतात, कसं गोळा करायचं ते शांतपणे दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी पुन्हा काचेचाच जग असतो.

ताईंच्या तोंडी ‘चुकलं’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. तिथे दोन वेण्यांची एक मोठी मुलगी होती, मोठी म्हणजे पाच वर्षांची. तिचं निम्मं आयुष्य तक्रारीत जायचं. “ताई, तो पाणी सांडतोय. ताई, तिने बूट उलटे घातलेत.” ताई मान वर न करता म्हणायच्या, “अजून जमत नाही. शिकतेय ती.” किंवा “शिकतोय तो.” दिवसातून वीस वेळा. आणि मनोरा रचताना कुणी पाचव्याच्या आधी सहावा ठेवला, तरी कुणी काही सांगायचं नाही, हा तिथला नियम. सांगायचं काम आमचं. मनोरा वेडावाकडा दिसतो, मूल बघतं, बघतच राहतं, आणि कधी ना कधी हात घालून दुरुस्त करतं.

मी हरवायचो खूप. मोज्यात, कपाटाखाली, एकदा तर पाणी प्यायच्या पेल्यात. झाडलोट करणाऱ्या मावशी दुपारी आम्हाला मोजायच्या. “आठ, नऊ... झालं, धाकटे साहेब निघाले फिरायला.” मग गुडघ्यांवर बसून झाडूची काडी कपाटाखाली फिरवायच्या.

अशा त्या खोलीत एक दिवस गोटी आली. गोटी हे काही तिचं खरं नाव नाही. जन्मली तेव्हा ती इतकी गोल होती की घरात तेच पडलं आणि चिकटलं. ती एकटी कधी आली नाही. तिच्यासोबत आई यायची, आईच्या पोटाशी बांधलेलं आठ महिन्यांचं बाळ यायचं, आणि आईचं बोलणं यायचं.

ताई दारात खाली बसून गोटीच्या डोळ्यांत बघून विचारायच्या, “आज काय करावंसं वाटतंय?”

“तिला ना, पाण्याचं काम खूप आवडतं,” आई म्हणायची.

“नाश्ता झाला का गं?”

“झाला, पण अर्धाच. दूध नको म्हणाली. म्हणजे म्हणाली नाही, तोंड फिरवलं. आणि आज जरा शिंकतेय, पण सर्दी नाहीये. मला वाटतं धूळ असेल.”

ताई आईकडे बघून हसायच्या. गोटी बुटांचं बक्कल काढायची आणि आत जायची. अख्खा दिवस एक शब्द नाही.

कुणी म्हणेल आई अडाणी होती. छे. चांगली शिकलेली होती, तीच तर अडचण होती. बाळ पोटात असल्यापासून तिने मॉन्टेसरीची पुस्तकं वाचायला सुरुवात केली होती. घरात जमिनीलगतचा बिछाना होता, बाळासाठी भिंतीला आडवा आरसा होता, ठेंगणं कपाट होतं आणि त्यावर ट्रेमध्ये मांडलेली साधनं. गोटीचे कान तपासून झाले होते, ठणठणीत निघाले. फ्रीजवर एक कागद होता, त्यावर गोटी घरात दिवसभरात काय काय बोलली ते लिहायचं. कागद भरत नव्हता. मी त्या घरात राहून आलोय म्हणून सांगतो, गोटी घरी बोलायची. आई दुसऱ्या खोलीत असली की जास्त.

मी तिथे कसा पोचलो, तेही सांगतो.

गोटीला मनोरा आवडायचा, पण रचून झाला की तिचं खरं काम सुरू व्हायचं. सगळे घन एका कोपऱ्याला जुळवून ठेवले की दुसऱ्या बाजूला पायऱ्या तयार होतात आणि प्रत्येक पायरी बरोबर माझ्याएवढी रुंद असते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं तिलाच सापडलं. मग ती मला टोकावरून उचलून एकेका पायरीवर ठेवायची. बसला. खाली. बसला. खाली. चटईवर पोचलो की एक मोठा श्वास सोडायची. मला आयुष्यात इतक्या गांभीर्याने कुणी घेतलं नव्हतं.

एका दुपारी तिने मला फ्रॉकच्या खिशात टाकलं आणि खिशाचं बटण लावलं. चोरी म्हणाल तर म्हणा. मला विचाराल तर तिला फक्त बघायचं होतं की बाकीच्या जगातल्या पायऱ्याही माझ्याच मापाच्या आहेत का. नव्हत्या. जिन्याच्या पायरीवर मला ठेवलं की मी दिसेनासा व्हायचो. खिडकीच्या चौकटीवर बसलो, तेव्हा ती खुश झाली. बाळाच्या पायाच्या अंगठ्याशेजारी मला धरून तिने हळूच सांगितलं, “सेम.” मग बाळ माझ्याकडे झेपावलं, तशी ती मला खिशात घालून म्हणाली, “नको रे. तू खाशील.” खिसा बदलला तरी बटण लावायला ती विसरली नाही.

इकडे बालघराच्या दारावर ताईंनी चिठ्ठी लावली. ‘मनोऱ्यातला दहावा घन सापडत नाही. घरी लहान बाळ असेल तर काळजी घ्यावी. कृपया मुलांचे खिसे बघावेत.’ गोटीच्या आईने ती वाचली. मी तेव्हा तिच्यापासून हातभर अंतरावर, खिशात. ती शेजारच्या आईला म्हणाली, “बिचारी. ज्या कुणाच्या पोराने नेला असेल, तिला किती मेल्याहून मेल्यासारखं होईल.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाळाने गोटीच्या अंगावर दूध ओकलं. आईने एका हाताने बाळ धरलं, दुसऱ्या हाताने गोटीचा फ्रॉक डोक्यावरून ओढला आणि थेट मशीनमध्ये टाकला.

“आई, खिशा...” गोटी म्हणाली.

“हो गं राणी, खिसा पण स्वच्छ होणार,” आई म्हणाली आणि मशीन सुरू झालं.

पुढचा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास. पाणी, फेस, गरगर, पुन्हा पाणी. मधूनच गोल काचेतून एक चेहरा दिसायचा, काचेला नाक टेकलेला. आई येऊन म्हणाली, “काय बघतेस एवढं? कपडेच तर आहेत. चल, उठ. कंटाळा आला ना? हो, आला असेल.” गोटी हलली नाही.

मी सापडलो मशीनच्या दाराच्या रबरात. सकाळी कपडे काढताना आईच्या बोटांना लागलो. तिने मला उजेडात धरलं आणि तिचा चेहरा असा काही झाला, की मलाच तिला धीर द्यावासा वाटला. माझा रंग निम्मा गेला होता. दोन बाजू फिक्या, एका कोपऱ्यावर पांढरं लाकूड उघडं पडलेलं.

ती जमिनीवर बसली. बोलायला घरात बाळच होतं, म्हणून ती बाळाशी बोलली. “दारावर चिठ्ठी होती. मी ती वाचली होती, दोनदा. आणि तू हा गिळला असतास तर? आणि ती ‘खिशा’ म्हणाली होती. म्हणाली होती ना रे?” बाळाने तिच्या ओढणीचं टोक तोंडात घातलं.

शहाण्या माणसाने एवढ्यावर शाळेत फोन केला असता. पण काळजी लागली की आधी पुरावा नाहीसा करायचा, हे शिकलेल्या माणसालाही सुचतंच. दुपारी बाळ झोपल्यावर तिने मला वर्तमानपत्रावर ठेवलं आणि कपाटातून गुलाबी नेलपॉलिश काढलं. पहिला हात बरा बसला. दुसऱ्याने मी चकाकायला लागलो, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखा. तिसरा हात कडेवरून ओघळला आणि सुकला. आता मी एक सेंटिमीटरचा राहिलो नव्हतो. एका बाजूने फुगलो होतो. मनोऱ्यातल्या घनाला हे चालत नाही, हे तिला पुस्तकातून माहीत होतं. मग तिने रिमूव्हरचा बोळा फिरवला. नेलपॉलिश गेलं, आणि सुताराने दिलेला उरलासुरला रंगही गेला.

स्वयंपाकघराच्या दारात गोटी उभी होती. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, पण नेलपॉलिशची बाटली उघडल्यावर येणारा वास तिला आवडतो. आईने मला मुठीत झाकलं. “काही नाही गं,” ती म्हणाली, “तू खेळ जा.”

शेवटी तिने ताईंना फोन लावला. मी तिच्या मुठीत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

“मी नवीन सेट घेऊन देते, अख्खा. उद्याच घेऊन येते. तिला मी समजावून सांगेन, की असं न विचारता...”

“ती कुठल्या पायरीवर ठेवते त्याला?” ताईंनी विचारलं.

“अं?”

“ती त्याला पायऱ्यांवरून उतरवते. दीड महिना बघतेय मी. तुम्ही काही आणू नका. बाळाचा हात पोचणार नाही पण तिचा पोचेल, अशा जागी ठेवा फक्त. आणायचं की नाही ते तिला ठरवू दे.”

“आणि मी काय करू?”

“काही विचारू नका, सुचवू नका, आठवण करू नका.”

“किती दिवस?”

“मनोरा सध्या नऊवर उभा आहे. राहील.”

आई म्हणाली, “ताई, ती बोलत नाही याचं कारण मी तर नाही ना?”

“ते मला माहीत नाही,” ताई म्हणाल्या. “पण तुमच्याशी बोलताना मला स्वतःलाच मध्ये शिरायला जागा मिळत नाही, एवढं खरं.”

यावर आई हसली. मग थोडं रडलीही, पण ते फोन ठेवल्यावर.

दारापाशी चपलांचा स्टँड होता. त्यावर किल्ल्यांची ताटली, आणि ताटलीत मी. चार दिवस मी तिथे पडून होतो. पहिल्या सकाळी गोटीने मला पाहिलं, बूट घातले, निघाली. आईने ओठ इतके घट्ट मिटले की बाळही तिच्या तोंडाकडे बघायला लागलं. दुसऱ्या सकाळी गोटीने मला बोटाने उलटं केलं, पांढऱ्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं, आणि निघाली. आई म्हणाली, “गोटी, तुला...” आणि मग म्हणाली, “तुला पाणी भरून ठेवलंय.” पाण्याची बाटली गोटीच्या गळ्यातच होती.

तिसऱ्या सकाळी आईने मला उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. गोटीचे बाबा डबा भरत होते. हा माणूस फार बोलत नसे, पण बघत असे.

“काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

“देऊन येते एकदाची. तिला नसेल जमत तर उगाच कशाला?”

“परीक्षा तिची चाललीय की तुझी?”

“माझी,” आई म्हणाली. “आणि मी नापास होतेय.”

“मग एक दिवस अजून बस परीक्षेला. पेपर तोच आहे.”

मी पुन्हा ताटलीत.

चौथ्या सकाळी गोटीने बूट घातले, बक्कलं लावली, उभी राहिली आणि मला उचलून खिशात टाकलं. बटण लावलं. आईने पाहिलं आणि घाईघाईने छताकडे बघायला लागली. छतावर काही नव्हतं.

बालघराच्या दारात ताई खाली बसल्या. “आज काय करावंसं वाटतंय?”

कुणी काही बोललं नाही. मी खिशात होतो, मला फक्त शांतता ऐकू येत होती, आणि कापडापलीकडे आईच्या चपलेचा आवाज, अंगठ्याने पट्टा वर-खाली, वर-खाली. ताई थांबल्या. आणखी थांबल्या. मग गोटी आत गेली.

“आज बसा ना थोडा वेळ,” ताई आईला म्हणाल्या.

खोलीच्या कोपऱ्यात निरीक्षणाची खुर्ची असते. पालकांनी तिथे बसून बघायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, आपल्या मुलाकडे बघून हसायचंही नाही. खुर्ची मुलांच्याच मापाची. आई बसली तेव्हा तिचे गुडघे हनुवटीला लागले, आणि बाळ त्या दोहोंच्या मध्ये, झोपेत.

गोटीने चटई आणली, पसरली, कडेवरची सुरकुती काढली. मग एकेक घन आणायला लागली. थोरले दादा पोटाशी धरून, बाकीचे क्रमाने. नऊ खेपा. रचताना तिने सहावा पाचव्याच्या जागी बसवला. खिशाच्या फटीतून मला आई दिसत होती. तिने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले आणि त्यावर बसून राहिली. गोटी मनोऱ्याकडे बघत होती. आई गोटीकडे बघत होती. मग गोटीने वरचे सगळे उतरवले आणि नीट लावले.

तिने खिशाचं बटण काढलं. मला दोन बोटांत धरलं आणि टोकावर ठेवलं.

तेवढ्यात दोन वेण्यांची मुलगी येऊन चटईच्या कडेशी थांबली. चटईवर पाय ठेवायचा नाही हे तिला माहीत होतं, पण बोलायचं नाही असा काही नियम नव्हता.

“हा आपला नाहीये,” ती म्हणाली. “आपला गुलाबी होता.”

गोटीने तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. आईकडे सगळं उत्तर तयार होतं, चिठ्ठी, मशीन, रबर, बोळा, माफी, नवीन सेट. ती खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा. मग, कशी कोण जाणे, पुन्हा बसली. ताई पलीकडे कुणाच्या तरी एप्रनची नाडी बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

आज मी मनोऱ्यावरच आहे, जिथे असायला हवा तिथे. ताईंनी मला पुन्हा रंगवलं नाही. मुलं मला ‘पांढरा’ म्हणतात आणि हरवलो की लगेच ओळखतात, त्यामुळे मावशींचे गुडघे वाचलेत. नवीन पोरं विचारतात, हा असा का. जुनी पोरं सांगतात. माझी एकच विनंती आहे. मला पुन्हा गुलाबी करायला कुणी जाऊ नये. आणि तुमच्याही घरात कुणी बोलता बोलता अडखळत असेल, तर पुढचे शब्द तुम्ही घालू नका. माझ्यासारख्या ठोकळ्याला थांबणं जमलं, तुम्हालाही जमेल.

बाकी, त्या दिवशीची शांतता बरीच लांबली. दोन वेण्यांच्या मुलीने एक वेणी तोंडात घालून चघळायला घेतली. मग गोटीने मला टोकावरून उचललं, नवव्याच्या पायरीवर बरोबर बसवलं, आणि सात आठवडे शाळेत न काढलेल्या आवाजात, अगदी रोजचं काही सांगावं तसं म्हणाली,

“आपलाच आहे. मशीनमध्ये धुतला. मग आईने त्याला नेलपॉलिश लावलं. तिला अजून जमत नाही. शिकतेय ती.”